डाव्या डोळ्याचा फोटो

१

घड्याळजींचा डावा डोळा गेला तो भर सकाळी, दुकानात, एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून ते बसले असताना. ज्या डोळ्याला भिंग लावलं होतं, त्याच्यापुढे आधी काजळीच्या रेघा उतरल्या आणि बघता बघता सगळं काळं झालं. भिंगावर काही सांडलं असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी भिंग पुसलं, लावलं, पुन्हा पुसलं. मग चिमटा हलकेच खाली ठेवून सुनेला हाक मारली.

"मला या बाजूनं काही दिसत नाहीये," एवढंच म्हणाले.

सून त्यांना घेऊन तडक नेत्ररुग्णालयात आली. खिडकीशी बसलेल्या माणसाला ती म्हणाली, "मामंजींना साखरेचा त्रास आहे. डाव्या डोळ्यानं धूसर दिसतं म्हणून काही महिन्यांपूर्वी चष्मेवाल्यांनी दोन्ही डोळ्यांचे फोटो तुमच्याकडे पाठवले होते. दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, घाई नाही, असं तुम्हीच कळवलंत. ते ऐकून यांनी दुकानातला दिवा बदलला. मला सांगा, हे आता काय आहे?"

खिडकीतल्या माणसाने नोंदवहीत नाव लिहिलं. त्याने दोघांना भिंगबाईंकडे पाठवलं.

भिंगबाई हे अर्थातच खरं नाव नव्हे. डोळ्यांच्या पडद्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या त्या प्रमुख. कपाळाला बांधायचं भिंग चहा पितानाही उतरवायच्या नाहीत, म्हणून रुग्णालयाने त्यांना पाठीमागे हे नाव दिलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घड्याळजींच्या डाव्या डोळ्यात पाहिलं. आत नुसतं रक्त. मग पापणीवर जेल लावून सोनोग्राफी केली. रक्तामागे पडदा सुटून आकसला होता, त्यावर जुनाट, जाड साय धरली होती. असं व्हायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त.

त्यांनी संगणकावर घड्याळजींचे जुने फोटो उघडले. डाव्या डोळ्याचा पडदा समोर आला. नारिंगी, तुकतुकीत, रक्तवाहिन्या रेखीव. कुठे डाग नाही की व्रण नाही.

भिंगबाई बराच वेळ एकदा त्या फोटोकडे आणि एकदा समोर बसलेल्या माणसाकडे बघत राहिल्या.

हा फोटो या डोळ्याचा असूच शकत नव्हता.

२

"सरळ आहे," रुग्णालयाचे अधीक्षक म्हणाले. "धाकट्या डॉक्टरांनी दोन फाइलींची अदलाबदल केली. दुसऱ्या कुणाचा तरी डावा डोळा यांच्या नावावर चढला. उद्या सकाळी समितीची बैठक आहे. तोवर त्यांना कामावरून थांबवतो."

"त्याने केलं म्हणता?"

"फोटो वाचतात ते. दुसरं कोण करणार?"

धाकटे डॉक्टर भिंगबाईंच्याच हाताखाली तयार झालेले. ते खोलीच्या कोपऱ्यात उभे होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते फक्त म्हणाले, "बाई, त्या फोटोत काही नव्हतं. मला जे दिसलं तेच मी लिहिलं."

फोटो रुग्णालयात कसे येतात, हे भिंगबाईंना पाठ होतं. गावोगावच्या चष्म्यांच्या दुकानांत पडद्याचे फोटो काढायचे कॅमेरे होते. तिथून फोटो यायचे ते खाली पट्टी नसलेले, छाननीच्या खोलीत. छाननीत फक्त एवढंच बघायचं, की फोटो वाचण्याजोगा आहे का. धुरकट, हललेला, अर्धवट आला तर 'पुन्हा काढा' म्हणून दुकानाकडे परत. स्वच्छ असेल तर खाली एक पट्टी लागायची. तिच्यावर रुग्णाचा क्रमांक आणि डावा की उजवा ते. मग तो धाकट्या डॉक्टरांकडे. कुणाला आजच बोलवायचं आणि कुणाला थांबवता येईल, ते धाकटे ठरवायचे.

"मला आजचा दिवस द्या," भिंगबाई म्हणाल्या.

"कशासाठी? निकाल तर लागलाच आहे."

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे हा डोळा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. म्हणजे त्या दुसऱ्याच्या नावावर घड्याळजींचा सडलेला डोळा चढला असेल. मग तो माणूस घाबरून धावत आमच्याकडे यायला हवा होता. असा कुणी आलेला मला तरी आठवत नाही."

अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

३

आपल्या खोलीत जाऊन भिंगबाईंनी घड्याळजींच्या उजव्या डोळ्याचा फोटो संगणकाचा पडदा भरेल एवढा मोठा केला. वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ एक करडा ठिपका होता. संगणकावरची धूळ असेल म्हणून त्यांनी पदराने काच पुसली. ठिपका गेला नाही.

त्याच दुकानातून आलेले आणखी फोटो त्यांनी उघडले. एका बाईचे, मग एका म्हाताऱ्याचे, मग कुणाकुणाचे. प्रत्येकात तोच ठिपका, त्याच जागी. डोळा डावा असो की उजवा, ठिपका आपला वर उजवीकडे. म्हणजे तो डोळ्यात नव्हताच. त्या दुकानातल्या कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा कण बसला होता आणि तो प्रत्येक फोटोत उतरत होता.

मग त्यांनी घड्याळजींचा डावा डोळा पुन्हा उघडला.

ठिपका होता. पण वर डावीकडे.

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ एकाच फोटोपुरती उडी मारून पलीकडे बसत नाही. त्यांनी उजवा आणि डावा फोटो शेजारी शेजारी लावले आणि डावा आरशात धरल्यासारखा उलटा केला. प्रत्येक रक्तवाहिनी, प्रत्येक फाटा, प्रत्येक वळण एकावर एक तंतोतंत बसलं. माणसाचे दोन डोळे बहिणींसारखे असतात, दिसायला एका घरातले, पण एकीचा चेहरा दुसरीवर कधी चिकटवता येत नाही. इथे तो चिकटला होता.

दुसऱ्या कुणाचा डोळा नव्हताच हा. घड्याळजींचाच उजवा डोळा उलटा करून कुणीतरी डावा म्हणून पाठवला होता. आणि ज्याने हे केलं त्याला डोळ्याची माहिती होती. उजव्या डोळ्याच्या फोटोत नसेच्या तोंडाची पिवळी चकती उजवीकडे असते, डाव्याच्या फोटोत डावीकडे. नुसती नक्कल केली असती तर चकती चुकीच्या बाजूला येऊन पहिल्या नजरेत चोरी उघडी पडली असती. म्हणून उलटा.

ही चूक नव्हती. हे कुणीतरी बसून, विचार करून केलं होतं.

४

चष्म्याचं दुकान दीर आणि भावजय मिळून चालवत होते. दीर चष्मे बनवायचे आणि वहिनी आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो काढायच्या. भिंगबाई आल्याचं पाहून चष्मेवाले काउंटरवरच्या फ्रेमा उगाच सरळ करू लागले.

"आम्ही काढतो तसे पाठवतो," ते म्हणाले. "त्यावर हात फिरवत नाही. फिरवता येतही नाही आम्हाला."

"घड्याळजींचे फोटो आठवतात?"

"वहिनींना विचारा. कॅमेऱ्याला मी हात लावत नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी दिरांकडे पाहिलं, मग भिंगबाईंकडे. "आठवतात. त्यांचा डावा डोळा येतच नव्हता. सगळा धूर. पुन:पुन्हा काढला. हनुवटी नीट टेकवली, दिवा मालवला, थोडं थांबून बाहुली मोठी होऊ दिली, तरी धूर. शेवटी तसाच पाठवला. म्हटलं, परत येईल."

"आला?"

"नाही ना. पास झाला असं कळलं. मला नवल वाटलं, पण म्हटलं तुमच्याकडे मोठी मशिनं आहेत, त्यांना दिसलं असेल."

"तो मूळ फोटो कॅमेऱ्यात आहे का?"

"जागा भरली की जुने पुसावे लागतात."

"तुमचे बरेच फोटो परत येतात, नाही का?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चष्मेवालेच मध्ये बोलले. "येतात. आणि परत आले की लोक आम्हाला बोल लावतात. पण म्हणून आम्ही खोटं करू, असं तुम्हाला वाटतं का बाई?"

भिंगबाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खरं बोलत असतील तर त्या निर्दोष होत्या. पण स्वतः फोटो उलटा केलेल्या बाईनेही नेमकं हेच सांगितलं असतं. नजर थेट होती. पण थेट नजरेनं खोटं बोलणारी माणसं भिंगबाईंनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती.

निघताना वहिनी पायरीपर्यंत आल्या. "बाई, त्यांच्या डोळ्याचं काय?"

"गेला," भिंगबाई म्हणाल्या.

वहिनी तिथेच पायरीवर बसल्या.

५

रुग्णालयात परतल्यावर त्यांनी धाकट्या डॉक्टरांना खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"समजा वहिनींनी केलं, तर हा प्रकार त्यांच्या एकट्यांच्या दुकानातून आलेल्या फोटोंत सापडेल. समजा आपल्या घरातल्या कुणी केलं, तर दुसऱ्या दुकानांच्या फोटोंतही सापडेल. प्रत्येक कॅमेऱ्याची काही ना काही खूण असतेच. ठिपका, ओरखडा, कडेला सावली. ती खूण ज्या फोटोत बाजू बदलेल तो खोटा. बस आणि शोध."

दोघं शेजारी शेजारी बसून फोटो मागून फोटो बघत गेले. नदीपलीकडच्या दुकानातल्या कॅमेऱ्याला केसाएवढा ओरखडा होता, खाली डाव्या अंगाला. बराच वेळ तो डाव्या अंगालाच राहिला. बाहेरच्या पाळीतले लोक एकेक करून घरी गेले, पुढची पाळी आली.

मग धाकट्यांनी टेबलावर हात ठेवला. "बाई."

ओरखडा उजवीकडे होता. आणि त्याच रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्यात डावीकडे. फोटो गेल्याच आठवड्यात आलेला. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं: उजव्या डोळ्यासमोर विजा चमकतात, कोपऱ्यात सावली वाटते. व्यवसाय: शाळेच्या बसचे चालक. खाली धाकट्यांचाच शेरा होता: दोन्ही डोळे स्वच्छ, नेहमीच्या रांगेत.

विजा आणि सावली. पडदा सुटायला लागला की हेच होतं. मधला भाग जागेवर आहे तोवर डोळा वाचवता येतो. मधला भाग सुटला की हात चोळत बसायचं.

धाकट्यांनी आधीच फोन लावला होता. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. घरच्या क्रमांकावर चालकांच्या बायकोने उचलला. गाडीवर असताना ते फोन उचलत नाहीत, म्हणाली. मुलांना सोडायची फेरी चालू असेल.

"म्हणजे या क्षणी तो मुलांनी भरलेली बस चालवतोय," धाकटे म्हणाले.

भिंगबाईंनी खणातून एक छापील फोटो काढला. खालची पट्टी त्यांनी कात्रीने कापून टाकली होती. "जायच्या आधी एकच सांग. हा कोणता डोळा?"

धाकट्यांनी नजर टाकली न टाकली तोच म्हणाले, "डावा. चकती डावीकडे आहे. का?"

"काही नाही. तू शाळेत जा. बस परत आली की त्याला किल्ली काढून घ्यायला लाव आणि इथे आण. भराभर चालू देऊ नकोस, धक्के बसू देऊ नकोस."

धाकटे धावत गेले. भिंगबाई तो कापलेला फोटो हातात घेऊन उठल्या. आता दुकानांचा प्रश्न मिटला होता. दोन गावं, दोन कॅमेरे, पण हात एकच. आणि तो हात याच इमारतीत होता.

६

संगणक विभागातल्या माणसाला सगळे 'पासवर्ड' म्हणायचे, कारण रुग्णालयातलं प्रत्येक माणूस आपला पासवर्ड विसरून शेवटी त्याच्याकडेच यायचं. त्याच्या टेबलावर तारांचं भेंडोळं आणि त्यात अडकलेला एक कप होता.

"पट्टी लागल्यावर फोटोत बदल करता येतो का?" भिंगबाईंनी विचारलं.

"नाही. पट्टी लागली की कुलूप. मलासुद्धा उघडत नाही. ते कुलूप मीच बसवलंय म्हणून सांगतो."

"म्हणजे वाचणारे डॉक्टर काही करू शकत नाहीत."

"शक्यच नाही. फोटो त्यांच्यापर्यंत कुलूपबंदच जातो."

"आणि पट्टी लागण्याआधी?"

पासवर्डने खुर्ची मागे घेतली. "तेव्हा छाननीताई बघतात. आणि कुठे अडलं तर मी. बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय का?"

"घेतेय," भिंगबाई म्हणाल्या आणि कापलेला फोटो त्याच्यापुढे धरला. "हा कोणता डोळा?"

त्याने फोटो उलटसुलट करून पाहिला, मागची कोरी बाजूही पाहिली. "पट्टी कुठाय? पट्टीशिवाय मी कसं सांगू? मला तर सगळे डोळे संत्र्यासारखे दिसतात."

भिंगबाईंनी मान हलवली आणि जिना उतरून छाननीच्या खोलीत गेल्या.

छाननीताई या खोलीतलं सगळ्यात जुनं माणूस. नव्या डॉक्टरांना चकती कुठली आणि मधला भाग कुठला हे बऱ्याचदा त्याच दाखवायच्या. कुणाचा वाढदिवस, कुणाची बदली, सगळं त्यांना तोंडपाठ. भिंगबाई आत आल्या तशा त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलून जागा करून दिली.

"घड्याळजींचं ऐकलं बाई. फार वाईट झालं. धाकट्या डॉक्टरांना काढणार म्हणतात, खरं का?"

"उद्या ठरेल." भिंगबाई बसल्या. "ताई, जरा मदत करा. हा फोटो हाती लागलाय, पण पट्टी नाही. कोणता डोळा आहे हा?"

ताईंनी फोटो हातात घेतला. त्यांचा अंगठा कडेवरून फिरला आणि वरच्या कोपऱ्यातल्या करड्या ठिपक्यापाशी थांबला.

"उजवा," त्या म्हणाल्या.

भिंगबाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"चकती कुठल्या बाजूला आहे, ताई?"

ताईंनी खाली पाहिलं. चकती डावीकडे होती. नवशिक्यानेही डावा म्हटलं असतं.

"या इमारतीत ज्याला डोळा कळतो तो प्रत्येक माणूस याला डावा म्हणेल," भिंगबाई म्हणाल्या. "ज्याला कळत नाही तो सांगू शकत नाही म्हणेल. उजवा फक्त एकच माणूस म्हणेल. ज्याने तो घड्याळजींच्या उजव्यावरून बनवला."

७

ताई रडल्या नाहीत. फोटो टेबलावर ठेवला, त्याची कडा टेबलाच्या कडेला समांतर केली.

"माझ्या सासूबाईंपासून सुरू झालं हे," त्या म्हणाल्या. "त्यांचा एक फोटो धुरकट आला म्हणून मीच परत पाठवला. नियमच आहे तसा. दोन्ही डोळे स्पष्ट असल्याशिवाय मशीन फाइल पुढे सोडत नाही. त्यांना पुन्हा बोलावलं. त्या गावाहून येऊ शकल्या नाहीत. मुदत उलटली, फाइल आपोआप बंद. त्यांचा दुसरा डोळा, ज्याचा फोटो स्वच्छ आला होता, त्यात आजार दिसत होता बाई. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण तो फोटो कुणा डॉक्टरपर्यंत गेलाच नाही. आता त्या भिंतीला हात लावत घरात फिरतात."

ताईंनी फोटो पालथा घातला.

"मी अधीक्षकांना म्हटलं, एकच डोळा स्पष्ट असेल तर तेवढा तरी पुढे जाऊ द्या. ते म्हणाले, मशीन दोन मागतं. वर म्हणाले, तुमच्याकडून फार फोटो परत जातात, ते कमी करा. कसे, ते तुमचं तुम्ही बघा. मग मी बघितलं. फिकट फोटो उजळायचा प्रोग्राम आहे माझ्याकडे, त्यात उलटा करायचीही सोय आहे. जी माणसं पुन्हा येणार नाहीत असं मला फोनवरच्या बोलण्यावरून कळायचं, त्यांच्यापुरतंच केलं. एक डोळा तरी वाचला जाईल म्हणून. आणि बाई, वाचले. खरंच वाचले. कितीतरी जणांना धाकट्या डॉक्टरांनी त्या एका डोळ्यावरून लगेच बोलावून घेतलं."

"आणि दुसरा डोळा?"

"मला वाटायचं धुरकट म्हणजे मोतीबिंदू. मोतीबिंदू थांबतो."

"मोतीबिंदूनेही धुरकट येतो," भिंगबाई सावकाश म्हणाल्या. "आणि रक्तानेही येतो. पडदा सुटून लोंबायला लागला तरी येतो. कॅमेऱ्याला आत शिरता येत नाही ताई, याचा अर्थ वाटेत काहीतरी आहे. तो फोटो खराब नव्हता. डोळा किती आजारी आहे, हे त्या फोटोने जेवढं सांगितलं असतं तेवढं कशानेच सांगितलं नसतं. तुम्ही त्याला गप्प केलंत."

आता मात्र ताईंचा चेहरा पडला.

"विजा चमकतात आणि सावली येते, असं सांगणारा बसचा चालक," भिंगबाईंनी विचारलं, "तो तुमचाच ना?"

ताईंनी मान हलवली.

"आणखी किती?"

"मोजले नाहीत. मोजायची भीती वाटायची."

८

ताईंनाच संगणकासमोर बसवलं. भिंगबाई शेजारी. दुसरा मार्ग नव्हता, कारण कुठल्या दुकानाच्या कॅमेऱ्याची काय खूण, हे ताईंच्या बोटांना माहीत होतं. ताई फोटोवर बोट ठेवायच्या, भिंगबाई त्या माणसाला स्वतः फोन करायच्या. "उद्या सकाळीच या. उपाशी या, म्हणजे लागलंच तर लगेच करता येईल. नाही, तुमची काही चूक नाही. आमच्याकडून तपासायचं राहिलंय."

अधीक्षक दारात येऊन उभे राहिले. पासवर्डने त्यांच्या कानावर घातलं होतं.

"बाई, हे असं फोनवर सांगत सुटायचं नसतं. आधी समितीपुढे मांडा. आपण काय सांगायचं ते ठरवू."

"तुम्ही ठरवा," भिंगबाई फोन कानाला धरूनच म्हणाल्या. "मी तोवर माणसं बोलावते."

"यात रुग्णालयाचं नाव—"

"हॅलो. हो, नेत्ररुग्णालयातून बोलतेय. जरा बसून ऐका."

अधीक्षक बाजूला झाले, कारण मागून कुणीतरी वाट मागत होतं. धाकटे डॉक्टर होते. त्यांच्या खांद्याला धरून बसचे चालक सावकाश पावलं टाकत येत होते. दुसऱ्या हातात अजून गाडीची किल्ली.

"मुलं सगळी उतरली," धाकटे म्हणाले. "शेवटचं मूल घरी पोचेपर्यंत थांबावं लागलं. यांना वाटलं मी वेडा आहे."

चालकांच्या डोळ्यात औषध घालून त्यांना खुर्चीत बसवलं. भिंगबाईंनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं. बाहुली मोठी होईपर्यंत सगळे थांबले. ताई दारापाशी उभ्या होत्या. आत यायचा धीर त्यांना होत नव्हता आणि जायचाही.

आत रक्ताचे ढग होते. त्यांच्या फटीतून पडद्याची खालची कड सुटून ओल्या कापडासारखी हलताना दिसली. भिंगबाईंनी चालकांना खाली बघायला सांगितलं, मग डावीकडे, मग समोर. ढग सरकला.

"समोर माझ्या हाताची बोटं दिसतात?"

"दिसतात. वरच्या बाजूला पडदा ओढल्यासारखं आहे, पण बोटं दिसतात."

भिंगबाईंनी श्वास सोडला. "मधला भाग जागेवर आहे. शस्त्रक्रियेची खोली तयार करा. आता, लगेच." मग मागे वळून धाकट्यांना म्हणाल्या, "हात धुऊन घे. तू माझ्यासोबत उभा राहतोयस."

"मला कामावरून थांबवलंय, बाई."

"ते उद्यापासून. आज चल."

९

चालकांचा डोळा वाचला. त्यांना पुन्हा बस मिळाली की नाही हे ठरायला वेळ होता, पण समोरच्या भिंतीवरची अक्षरं ते सलग वाचू लागले. ताईंनी शोधून दिलेल्या माणसांपैकी बहुतेकांना खरोखरच मोतीबिंदू होता. काहींना नव्हता, आणि त्यातल्या दोघांसाठी उशीर झाला होता.

समितीत बरंच बोलणं झालं. अधीक्षकांना सगळा दोष छाननीच्या खोलीत संपवायचा होता. भिंगबाईंनी तो तिथे संपू दिला नाही. दोन डोळ्यांचा नियम कुणी केला, परत जाणारे फोटो कमी करायला कुणी सांगितलं आणि कसे ते विचारलंही नाही, हे त्यांनी एकेक करून मांडलं. ताईंना कामावरून दूर केलं, चौकशी लागली. धाकटे डॉक्टर आपल्या खुर्चीवर परतले. आणि नियम बदलला. धुरकट फोटो आता परत पाठवत नाहीत. तो माणूसच त्याच दिवशी बोलावून घेतात.

घड्याळजींना खरं काय ते सांगायला भिंगबाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. तसं करू नये असं त्यांना दोनदा सुचवण्यात आलं होतं.

घड्याळजी खिडकीशी बसून उजव्या डोळ्याला भिंग लावायची सवय करत होते. ते नीट बसत नव्हतं, गालावरून घसरत होतं. भिंगबाईंनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सून दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी पाहिला तो माझा हाच डोळा," घड्याळजींनी उजव्या डोळ्याला बोट लावलं. "दोनदा."

"हो."

"आणि माझा खरा फोटो? तो कुठे आहे?"

भिंगबाईंनी पिशवीतून तो काढून दिला. ताईंनी तो आपल्या संगणकावरून पुसला नव्हता. पुसायचा धीर झाला नाही, म्हणाल्या होत्या. घड्याळजींनी तो खिडकीच्या उजेडात धरला. राखाडी, मळकट धूर, आत काहीच नाही.

"यात काय दिसतं?"

"काही दिसत नाही," भिंगबाई म्हणाल्या. "म्हणूनच तुम्हाला त्याच दिवशी बोलवायला हवं होतं."

घड्याळजींनी फोटो मांडीवर ठेवला. सुनेने डोळ्यांना पदर लावला. "मामंजी, आपण यांच्यावर खटला भरू," ती म्हणाली.

"भरा," भिंगबाई म्हणाल्या. "मी साक्ष देईन."

बाहेर फाटकापाशी कुणीतरी उभं होतं. घड्याळजींना उरलेल्या डोळ्याने ते खिडकीतून दिसत होतं. हातातली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करणारी एक बाई. बराच वेळ झाला, ती ना आत येत होती ना जात होती.

"त्या कोण?"

"छाननीताई. त्याच," भिंगबाई म्हणाल्या. "माझ्यासोबत आल्या. दारापर्यंत आल्या आणि पुढे पाय उचलेना. तुम्ही म्हणाल तर मी त्यांना परत पाठवते."

घड्याळजींच्या चेहऱ्यावरून राग हलत नव्हता आणि तो हलवायची त्यांना घाईही दिसत नव्हती. मग त्यांनी समोरचा पाट पायाने सरकवून जागा केली.

"आत बोलाव त्यांना," ते सुनेला म्हणाले. "मला जे विचारायचंय ते फाटकावरून ओरडून विचारायचं नाही."